घासून दिलेला दात

सरूच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात वेगळा वाजत असे. डॉक्टरबाई आरशाच्या दांड्याने टकटक करत. उजव्याचा आवाज मऊ, डाव्याचा टणक, काचेवर वाजवल्यासारखा. त्याचं मूळ हाडाला चिकटलं होतं आणि हाड ते हळूहळू खात होतं.

याला कारण जगन. तीन वर्षांपूर्वी सरू रोह्याहून पेणजवळच्या जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात घरचा गणपती ठरवायला आली, ओल्या शाडूवर घसरली आणि पाटाच्या कडेवर आपटली. दात मुळासकट मातीत पडला. तिथे रंगकाम करणाऱ्या जगनने तो शोधला, मूर्तीला घासतात तसा पॉलिश पेपरने स्वच्छ घासला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तोच तिला पेणला घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी दात परत बसवला, पुढे रूट कॅनालही केलं. पण मुळावरची नाजूक साल घासली गेली होती. न घासता दुधात टाकून आणायचा होता, असं त्या म्हणाल्या तेव्हा जगनचा चेहरा उतरला.

तेव्हापासून तपासणीला सरू रोह्याहून गाडीने येई, जगन जोह्याहून एसटीने... न बोलावता. मग स्टँडसमोर दोघं कोकम सरबत पीत. गिऱ्हाइकांचे दात मोजत फिरतोस का, असं तिने एकदा चिडवलं. एकाच गिऱ्हाइकाचा, तोही एकच, तो म्हणाला. ती हसताना ओठांवर हात ठेवी.

"झाकू नको गो," तो म्हणे. "फिनिशिंग माझं हाय."

दात आपणहून तुटेपर्यंत थांबायचं, की काढून नवा बसवायचा? डॉक्टरबाई वर्षभर विचारत होत्या. सरू 'पुढच्या वेळी सांगते' म्हणे. नवा दात बसला की पेणच्या फेऱ्या संपणार. जगन तिच्यासाठी येतो की चुकीपायी, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटे.

आज एक्स-रेत मूळ अर्ध्याहून कमी दिसलं. डॉक्टरबाई हात धुवायला आत गेल्या. सरूने दाराशी उभ्या जगनला खुर्चीतूनच विचारलं,

"दात गेला की तुझं पाप फिटलं. मग येशील?"

जगन नखातला रंग खरवडत राहिला.

"पाप पहिल्याच वर्षी फिटलं. बाई बोलल्या मला, तुझं हितं काय काम नाय, येत नको जाऊ. तरी... येतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दात काढत नव्हतीस. मला वाटलं, चाललंय ते बरं हाय."

डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या. काय ठरलं, त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"सोमवारी काढा, डॉक्टर," सरू म्हणाली. "त्याआधी नको. रविवारी हा रोह्याला येतोय — मला मागणी घालायला."