झोक्यावरचं बोलणं

आत्याचा आवाज झोक्याबरोबर वर जायचा तेव्हा बारीक व्हायचा, खाली यायचा तेव्हा जाड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की पुष्पाआत्या निंबाच्या झोक्यावर उभी राहून गायची... काय गायची, ते लहानग्या कामिनीला कधी उमगलं नाही. विचारलं की आत्या पदर खोचत म्हणायची, "झोकावरलं खाले इचारानं नही, बेटा."

तोच आवाज कानात घेऊन कामिनी जळगावच्या कॉलेजातून उन्हाळी संशोधनाला निघाली. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष. विषय, लेकींचं माहेर. धुळ्याच्या स्टँडवर तिनं एका उंच, सावळ्या मुलाला संशोधनासाठी ठरलेल्या गावाची बस विचारली. मग ती वेळेवर सुटते का, बसायला मिळतं का, उतरल्यावर चालायचं किती...

"आता माझी पाळी," तो हसून म्हणाला. "तुमचं नाव काय?"

तो बादल पावरा, धुळ्याच्या कॉलेजचा. सरांनी तिच्या जोडीला नेमलेला मुलगा हाच, हे बसमध्ये कळलं. वाटभर ती त्याला विचारत राहिली. स्वतःचं मात्र नावापलीकडे काही नाही. विचारणं तिला सोपं जायचं, सांगणं... ते जमायचंच नाही.

गावात घरोघर मुलाखती झाल्या. ओट्यावर वहिन्या, काकू, शेजारणी दाटीनं बसत आणि कामिनीनं काहीही विचारलं तरी माहेरी आलेल्या लेकी एकच सांगत, "बठ्ठं चांगलं शे," सगळं चांगलं आहे. एवढं सुख असेल तर तुम्हीही इथलंच सासर बघा, म्हणून बादल तिला चिडवायचा. ती फुरंगटून मागे रेंगाळायची. तो पुढे जायचा, पण प्रत्येक वळणावर थांबून चप्पल झटकायचा. खडा काही निघायचा नाही.

आखाजीला द्रौपदाबाई, म्हणजे त्यांची घरमालकीण, कामिनीला निंबाखाली घेऊन गेली. पुरुषांना तिकडे मज्जाव. बादल लांब पारावर बसला. रेकॉर्डर पिशवीतच ठेवायला द्रौपदाबाईनं बजावलं.

आणि झोके चढले. निंबाचा बारीक मोहोर केसांवर सांडत होता. ओट्यावर मान न उचलणारी एक लेक गाऊ लागली. लग्नानंतर वर्षभर ती दाराकडे तोंड करून जेवायची, रस्त्यानं माहेरचं कुणी जाईल म्हणून. दुसरीनं नवऱ्याचं गायलं. बाजारात चारचौघांत तो पुढे पुढे चालतो, पण ती मागून गाठेपर्यंत कोपऱ्या-कोपऱ्यावर चप्पल झटकत थांबतो... हशा उसळला. कामिनीचे कान तापले.

एवढं सगळं पोटात घेऊन या लेकी ओट्यावर बसायच्या? तिच्या प्रश्नावलीत त्या केवढ्याशा मावल्या होत्या. इथं त्यांचे पाय आभाळाला टेकत होते.

मग तिलाच झोक्यावर चढवलं. गाव खाली गेलं, कौलं फिरली, पारावरचा बादल मुठीएवढा दिसला. उद्या काम संपणार होतं. तो आपल्या सातपुड्याकडच्या गावी जाणार, आणि पुढे शिकायला थेट हैदराबादला.

"आमले इतलं इचारस," द्रौपदाबाई खालून म्हणाली, "तुना मनमा काय शे ते सांग ना, पोरी."

कामिनी मुकाट खाली उतरली. कुणी हसलं नाही, कुणी पुन्हा विचारलं नाही. त्यानंच तिला जास्त लाजल्यासारखं झालं.

उन्हं कलताना ती पाराशी आली.

"काय मिळालं?" बादलनं विचारलं.

"लिहिण्यासारखं काही नाही."

"आणि न लिहिण्यासारखं?"

"ते त्यांचं आहे. नाही सांगणार."

त्यानं मान हलवली, चप्पल पायात सरकवली. गल्लीतून दोघं निघाले. पहिल्या वळणावर तो नेहमीसारखा थांबला, वाकला.

"खडा नाहीये त्यात," ती म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला. मग हळूच म्हणाला, "हा प्रश्न आहे?"

"नाही. आज विचारत नाहीये, सांगतेय..." तिचा आवाज बारीक झाला, मग ठाम. "बादल, मला तू आवडतोस. त्या स्टँडवरच्या बसपासून."