अठरावा ट्रॅक

हसा, आत्ताच हसून घ्या. डॅरिल, तो मोबाईलचा दिवा बंद कर, नाहीतर भूत तुझा चेहरा बघून पळेल आणि माझी गोष्ट फुकट जाईल. श्रुतिका, नंतर तुला तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडायला मी येणार नाही. माझे गुडघे दुखतात. आणि खरं सांगू, ही गोष्ट सांगितली की जिन्यात मला पण... जाऊ दे.

ही थाप नाही. थापा मी दिवसा मारतो. हे झालं सर्वेशच्या बाबतीत. इथेच मुलुंड पूर्वेला राहतो, गाणी जुळवतो, त्याच्या अर्ध्या गाण्यांत ढोलकी माझी असते. मी सातवी नापास. पण कॉम्प्युटरवर गाणं कसं बनतं ते बाजूला बसून बघून बघून पाठ झालंय, तेव्हा मध्ये अक्कल पाजळू नका.

अठरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, मंगळवार. अमावास्या दोन दिवसांवर होती. भुतानं जरा आधीच निघायचं ठरवलं असेल.

सर्वेश त्या संध्याकाळी चेंबूरला निघाला, साध्या कामाला. त्याचा दोस्त देवेश जुलैमध्ये कावीळ होऊन गेला. छत्तीस वर्षांचा होता. दोघं गोरेगावला एकाच स्टुडिओत शिकले, एका डब्यातलं जेवले. आणि सर्वेश त्याच्यावर जळायचा. देवेशनं नवी चाल गुणगुणली की हा तोंडानं झकास यार म्हणायचा आणि घरी जाऊन रात्रभर शोधायचा, कुठून चोरलीय ते. कधी सापडलं नाही. मला कसं ठाऊक? अरे, मी पण दुसऱ्या ढोलकीवाल्यांवर असाच जळतो. आमच्यासारखे एकमेकांना धुरावरून ओळखतात.

देवेश एका मालिकेचं शीर्षकगीत अर्धं ठेवून गेला होता. निर्मात्या इरावतीबाईंनी ते पुरं करायला सर्वेशला दिलं. देताना विचारलं, चाल झाली होती का त्यांची? सर्वेश म्हणाला, नाही हो मॅडम, नुसता ताल होता, चाल मलाच बांधावी लागेल. बाई म्हणाल्या, मग संगीतकार म्हणून तुमचंच नाव टाकू, बुधवारी दहापर्यंत गाणं द्या.

माणसाची राख झाली, तरी याचं जळणं चालूच.

आता गंमत अशी की देवेशचा गाणी बनवायचा प्रोग्राम एका कंपनीचा, सर्वेशचा दुसऱ्या. याची फाईल तो उघडत नाही. रुसलेल्या विहिणी. मग करतात काय, तर ज्याचं गाणं त्याच्याच कॉम्प्युटरवर बसून एकेक वाद्य सुटं बाहेर काढतात, डिस्कवर भरतात आणि आपल्याकडे नेऊन एकावर एक रचतात. त्याला एक पथ्य आहे. बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी तिचा ट्रॅक गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून काढायचा. बासरीच्या आधीची शांतता कापायची नाही, ती पण उचलून न्यायची. नाहीतर सगळी वाद्यं सुरुवातीलाच येऊन एकमेकांवर आदळतात, पहिल्या पंगतीला वऱ्हाडी आदळतात तशी.

म्हणजे त्या रात्री सर्वेशनं चेंबूरहून वाजलेलं आणलं, तसं न वाजलेलंही आणलं.

दार श्वेतानं उघडलं, देवेशच्या बायकोनं. तिला कॉम्प्युटर विकायचा होता. तुझं काम झालं की सगळं पुसून ठेव, म्हणाली. मग खोलीच्या दारात जरा घुटमळली.

"त्याच्या आवाजातलं काही असलं तर मला दे हां, सर्वेश. माझ्याकडे फोनवरचे दोनच निरोप आहेत. एकात तो दूध आण म्हणतोय."

गाण्यात ट्रॅक होते अठरा. सतरा वाद्यांचे आणि अठरावा देवेशचा आवाज. शब्द नव्हते. गायिकेला चाल कळावी म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून ठेवलेली. सर्वेशनं हेडफोन लावून ऐकली. चाल वाईट असती तर त्यानं आनंदानं देवेशचं नाव दिलं असतं, मला विचाराल तर. पण ती तशी नव्हती. ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा पण त्याला राग आला.

जुनं मशीन, प्रत्येक ट्रॅक पुरता वाजल्याशिवाय बाहेर निघेना. साडेतीन मिनिटांचं गाणं, सतरा वेळा. तासभर गेला. अठरावा त्यानं काढलाच नाही. चाल डोक्यात बसली होती, ती आपली म्हणून वाजवायला तेवढं पुरे. मग कॉम्प्युटर साफ पुसला.

श्वेतानं विचारलं, सापडलं का काही?

"नाही गं. नुसती वाद्यं आहेत."

मुलुंडला पोचला, जेवला. एक वाजून वीस मिनिटांनी त्यानं सतरा ट्रॅक आपल्या प्रोग्रामात एकावर एक रचले. घरात एकटाच होता. वाजवलं.

गाण्याच्या सुरुवातीला आठ सेकंद काहीच नव्हतं. ताल त्याच्यानंतर यायचा.

त्या आठ सेकंदांत कुणीतरी श्वास घेतला.

त्याला वाटलं, कुठल्या तरी ट्रॅकमध्ये खरखर शिरली असेल. एकेक सुटा करून ऐकला. पहिला साफ. दुसरा साफ. तिसरा... सतरावा. साफ.

पुन्हा सगळे एकत्र लावले.

श्वास. आणि मग गुणगुणणं.

तीच चाल.

एकेका ट्रॅकच्या शांततेत काहीतरी होतं, एकट्यानं ऐकू न येण्याइतकं. सतरा शांतता एकावर एक चढल्या आणि त्यांचा देवेश झाला.

श्रुतिका, भिंतीला टेकून बस. मागे मोकळं ठेवू नकोस.

दुसरा कुणी असता तर उठून पळाला असता. हा जळका. भीतीच्या आधी त्याला राग आला. मेलास, तरी मला माझं नाव मिळू देत नाहीस? हार्मोनियम ओढली, माईक लावला आणि त्या गुणगुणण्यावर आपण वाजवू लागला. बुजवायलाच. स्क्रीनवर आवाजाचे डोंगर उठताना दिसत होते.

थांबला. वाजवलेलं लावून बघितलं.

डोंगर नव्हते. सरळ रेघ.

पुन्हा वाजवलं.

सरळ रेघ.

तिसऱ्यांदा त्यानं बोटं पट्ट्यांवर ठेवली... आणि गुणगुणणं थांबलं. गाणं चालू, ताल चालू. नुसता तो आवाज थांबलेला. कुणीतरी बघत असल्यासारखा.

बोटं उचलली.

सुरू झालं. आता स्पीकरमधून नाही.

कानापाशी.

बोटं ठेवली. थांबलं.

उचलली...

त्याला तेव्हा कळलं, म्हणाला. जळत तो एकटाच नव्हता. आपली चाल दुसऱ्याच्या हातात गेलेली देवेशलाही बघवत नव्हती. एका खोलीत दोघं. जिवंत कोण ते सोडा.

तीन वाजून दहा मिनिटांनी सर्वेशनं इरावतीबाईंना मेल लिहिला. चाल संपूर्ण देवेशची, मी फक्त जुळणी केली, मी खोटं बोललो होतो. पाठवायचं बटण दाबलं.

गुणगुणणं ओळीच्या मध्यावर तुटलं.

मग त्याला श्वेता आठवली. धडपडत त्यानं सतरा ट्रॅक पुन्हा लावले. दहा वेळा लावले, पाया पडून लावले म्हणाला. निदान तिच्यासाठी तरी... काही नाही. सतरा शांतता, आणि त्यांची एक मोठी शांतता.

सकाळी सातला तो चेंबूरला. दारातच सगळं सांगून मोकळा झाला, पुसलेल्या आवाजासकट. मला वाटलं होतं, तिनं थोबाडीत मारली असेल. मी असतो तर दोन मारल्या असत्या. पण ती त्याला आत घेऊन गेली आणि कपाट उघडलं.

देवेशचा गाण्याचा माईक जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीत होता, तोंडाला चिकटपट्टी लावून. पिशवी धुकटलेली. श्वेता म्हणाली, पहाटे दिसलं मला, दमट हवेनं झालं असेल.

तिनं पट्टी फाडली. माईक कोरडा पुसला, नव्या पिशवीत घातला, नवी पट्टी लावली. टेबलावर ठेवला. दोघं समोर बसून राहिले. चहा गार झाला.

बराच वेळ काही नाही.

मग माईकच्या जाळीसमोर, प्लास्टिकवर, टिकलीएवढी वाफ धरली. आतून.

गेली.

परत धरली.