दहापैकी नऊ

दुकानातले सगळे तिला चिडवायचे, की हिला माऊस चावतो. इतरांच्या पडद्यावर रंगीत चौकटी असायच्या आणि तिच्या पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. जुनी सिमकार्डं वाचायची आणि त्यांतले नंबर लोकांना काढून द्यायचे, हे तिचं काम. त्यासाठी लागणारे छोटे छोटे प्रोग्रॅम तिनं स्वतःच लिहिले होते. एक ओळ टाईप केली की कार्डातल्या नोंदी एकाखाली एक उतरायच्या, दुसरी टाईप केली की पुसल्या जायच्या. पुसण्याआधी तिचा प्रोग्रॅम ‘नक्की?’ असं विचारायचा. माणसं घाईत असतात आणि पुसलेलं परत येत नाही, हे तिनं पुष्कळ गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं.

त्या सकाळी कार्ड रीडरमध्ये होतं ते तिच्या आईचं सिम.

आईचा बटणांचा फोन पार म्हातारा झाला होता. पाच आणि आठ दाबले जात नव्हते, आवाज मध्येच विहिरीत पडायचा. तरी फोन हातातून सोडायला आई तयार नव्हती आणि त्याला कारणही तसंच होतं. असले जुने फोन शेवटचे लावलेले दहा नंबर सिमवरच लिहून ठेवतात. अकरावा लावला की सगळ्यांत जुना गळून पडतो. चार वर्षांपूर्वी वडील चष्मा घरी विसरून कामावर गेले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चष्म्याशिवाय हा माणूस तारा कशा जोडणार, म्हणून आईनं फोन लावला. उचलला नाही, म्हणून रागानं पुन्हा लावला. असा दहा वेळा. तोवर वडील लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी पडलेले होते आणि फोन वर पिशवीत वाजत होता.

तेव्हापासून आईनं त्या फोनवरून एकही नंबर लावला नव्हता. आलेला उचलायची, लावायचा झाला तर शेजारच्या काकूंकडे जायची. दहाच्या दहा नोंदी वडिलांच्या होत्या आणि त्यांतली एकही तिला घालवायची नव्हती. नंबर वहीत लिहून ठेवू, असं मुलीनं एकदा सुचवून पाहिलं होतं.

“नंबर मला पाठ आहे गं,” आई म्हणाली होती. “लावलेला जपतेय मी.”

एकाही नोंदीला धक्का लावणार नाही, असं शंभरदा कबूल केल्यावर कुठे त्या दिवशी फोन दुरुस्तीला मिळाला होता. दहा वाजता तिनं सिम काढून रीडरमध्ये घातलं आणि नोंदी उतरवल्या. दहा ओळी, दहाही ओळींत तोच नंबर. ती बराच वेळ बघत बसली. मग कार्ड तसंच ठेवून, फडताळातून त्याच जातीचा दुसरा जुना फोन काढून त्याची बटणं तपासू लागली.

साडेअकराला टेबलावरचा दुकानाचा फोन वाजला. मालकांनी त्यावरचा नंबर पाहिला. “आई आहे तुझी,” म्हणाले.

तिनं हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. रीडरचा हिरवा दिवा लागलेला होता. कार्ड आत होतं. रीडर फक्त वाचतो आणि लिहितो, त्याला ना अँटेना ना आवाज. याबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

फोन वाजतच होता. तिनं उचलला.

पलीकडून कुणी बोललं नाही. आपण कुणाला फोन लावला की आपल्या कानात जशी रिंग वाजते, तशी रिंग वाजत होती. जणू फोन तिनंच लावला होता. रिंग थांबली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता. उंच, पोकळ जागेत घुमतो तसा वारा ऐकू आला, वरून कुठूनतरी लोखंडी दोर करकरला आणि फोन बंद झाला.

ती चप्पल न घालताच घराकडे धावली.

आई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडली होती. अर्धं तोंड वाकडं, डोळे उघडे. अजून अर्धा तास गेला असता तर काही हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी ती दुकानात आली. कार्ड रीडरमध्येच होतं. तिनं ओळ टाईप केली. सर्वांत वर दुकानाचा नंबर होता. खाली वडिलांच्या नोंदी, नऊ. तिनं टेलिफोन कंपनीत चौकशी केली. त्या दिवशी दहानंतर तुमचं कार्ड बंदच होतं, कुठलाही फोन गेलेला नाही, असं तिथल्या बाईंनी दोनदा बघून सांगितलं.

एक नोंद गेली, हे तिनं आईला भीत भीत सांगितलं. आईची जीभ अजून जड होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या दिवशी दहा वेळा लावला. एकदाही उचलला नाही.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “आता उचललाय त्यांनी. उपकार गं बाई, केवढे उपकार.” मग पिंपात पाणी किती उरलंय ते बघावं, तसं तिनं विचारलं, “अजून नऊ आहेत ना?”

घरात चार वर्षांनी कुणीतरी परत आल्यासारखं झालं. आईला नवा फोन, नवं कार्ड मिळालं आणि ती शेजारच्या काकूंनाच दिवसातून तीनदा फोन लावू लागली. जुनं कार्ड रीडरमध्ये राहिलं. रोज सकाळी मुलगी दुकानात आली की आधी एक ओळ टाईप करायची, नऊ मोजायची आणि मनात म्हणायची, बाबा, आई परत मिळाली मला. तुमचे पांग कसे फेडू? खरोखरच तिला दुसरं काही मागायचं नव्हतं.

एका मंगळवारी तिनं ओळ टाईप केली.

वडिलांच्या नोंदी आठ होत्या.

सर्वांत वर तिच्या स्वतःच्या मोबाईलचा नंबर होता. तिनं खिशातून मोबाईल काढला. आलेला फोन नाही, चुकलेला नाही.

तिनं आईला फोन लावला. आई खुशीत होती, खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती. “किती गं?” तिनं नेहमीसारखं विचारलं.

“नऊ,” मुलगी म्हणाली.

फोन ठेवून तिनं मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला. रोजच्यासारखे आभार मानावेसे वाटले आणि तिनं ते मानलेही. नोंद झाली होती, फोन अजून यायचा होता. दुकानाचा नंबर बाबांना माहीत होता, तो त्यांनी एकदा लावलाही होता. या वेळी मोबाईलवर लावला होता. म्हणजे तेव्हा ती दुकानात नसेल, एवढंच तिला कळलं.