एका दमात

साथ आली आणि दवाखान्यातलं दात काढण्याचं काम बंद पडलं. लोकांची तोंडं उघडून आत बघायची हिंमत कुणाचीच नव्हती. दातांची खोली रिकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी तिथं एक टेबल टाकलं, फोन ठेवला आणि सिस्टरला बसवलं. पेशंटची ती आडवी होणारी खुर्ची मात्र जमिनीत पक्की बसवलेली, ती हलेना. त्यामुळे सिस्टर त्या खुर्चीला खेटून, चूळ भरायच्या भांड्याला कोपर लागणार नाही अशा बेतानं बसायची आणि दिवसभर फोन करायची.

काम साधंच होतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी दवाखान्यात यायचं नाही, घरच्या मशीनवर प्रेशर मोजायचं. सिस्टरनं फोन करून आकडा विचारायचा, गोळ्या घेतल्या का, मीठ कमी केलं का, डोकं जड वाटतं का, हे विचारायचं. आकडा वर गेला की डॉक्टरांच्या कानावर घालायचं. फोनवर डोळ्यांना काही दिसत नाही म्हटल्यावर तिचे कान तयार झाले होते. कोण गोळी बुडवून थापा मारतंय, कुणाला बोलता बोलता धाप लागतेय, हे तिला नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं. संशय आलाच तर ती म्हणायची, “एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा बघू.” धडधाकट माणूस तिशी-पस्तिशी गाठतो. जो दहाच्या आतबाहेर अडखळे त्याच्यासाठी ती हॉस्पिटलची गाडी बोलवायची. गाडी यायची, किंवा यायची नाही.

संध्याकाळी लोक खिडक्यांत उभे राहून नर्सांसाठी टाळ्या वाजवायचे. सिस्टरच्या इमारतीतलेही वाजवायचे. तीच माणसं ती आली की लिफ्टपासून चार हात लांब सरकायची आणि आधी तिला एकटीला वर जाऊ द्यायची. मुलीला तिनं पहिल्याच महिन्यात बहिणीकडे पाठवलं होतं. मुलगी आता तिकडेच रमली होती आणि आईचा फोन आला की मावशीच्या हातात द्यायची.

सिस्टरच्या पेशंटांत एक जोडपं होतं. बाई जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. सिस्टर त्यांना कंडक्टरकाकू म्हणायची. त्यांचा आवाज असा की फोन कानापासून वीतभर दूर धरावा लागे. काकांनी घरं रंगवण्यात आयुष्य काढलेलं. प्रेशर दोघांनाही, पण काका मिठाचे चोर. आकडा सांगताना ते घासाघीस करायचे. “एकशे साठ आहे, पण तुम्ही घरच्या, तुम्हाला एकशे पन्नासला देतो.” सिस्टर रागावली की म्हणायचे, “हेडमास्तरीण, छडी फोनमधून पोचत नाही अजून!” मागून काकू ओरडायच्या, “खोटं बोलतायत हे! डबा उघडून बोटानं मीठ चाटताना मी पकडलंय!”

दिवसभरात सिस्टर हसायची ती एवढीच.

मग एक दिवस काका दहाच्या आतच अडखळले. त्यांची गाडी मात्र आली. काकूंना सोबत जायची परवानगी नव्हती. गाडीचं मागचं दार बंद होताना तेवढं दिसलं. पुढं काका श्वासाच्या मशीनवर गेले, आणि मोठ्या हॉस्पिटलमधून रोज एकच निरोप यायचा: आहेत तसेच आहेत. काकूंचं प्रेशर चढत चाललं. सिस्टर त्यांना दिवसाआड करायचा तो फोन रोज करू लागली. काकूंचा मुलगा परमुलखात अडकलेला, त्याला येता येत नव्हतं. रडून झालं की काकू म्हणायच्या, “रिकामी गाडी डेपोत लावल्यासारखं झालंय हो घर.”

तीन आठवड्यांनी काका घरी आले. सिस्टरनं आनंदानं फोन लावला.

“काय काकू, आले ना तुमचे ‘हे’?”

“माणूस आला,” काकू म्हणाल्या.

आवाज इतका हळू की सिस्टरला प्रथमच फोन कानाला दाबून धरावा लागला.

“कसे आहेत?”

“तो बरा आहे.”

‘तो.’ उभ्या जन्मात त्या बाईनं नवऱ्याचा उल्लेख असा केला नव्हता. भांडतानासुद्धा ‘ह्यांचं डोकं फिरलंय’ असंच म्हणायच्या. सिस्टरला वाटलं, दमल्या असतील. तिनं काकांचं प्रेशर विचारलं. एकशे वीस, ऐंशी.

पुस्तकात छापतात तसं प्रेशर. गोळ्या कोणत्या चालू आहेत, विचारलं. एकही नाही. दुसऱ्या दिवशी तोच आकडा, तिसऱ्या दिवशीही तोच. काकूंचं मात्र रोज थोडं वर.

“काकांना फोन द्या जरा,” शेवटी सिस्टर म्हणाली.

“बोला सिस्टर.” आवाज काकांचाच होता, त्यात शंका नाही. पण हेडमास्तरीण नाही, घासाघीस नाही.

“काका, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात. जरा एका दमात आकडे म्हणून दाखवा.”

काकांनी सुरुवात केली. एक, दोन, तीन. न घाई, न ओढाताण. वीस झाले. चाळीस झाले. सिस्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. साठ, सत्तर. बोलणारा माणूस चोरून नाकानं श्वास घेतो, तोही फोनमध्ये ऐकू येतो. तिनं जिवाचा कान केला. दोन आकड्यांच्या मध्ये काहीही नव्हतं. शंभर ओलांडून आवाज त्याच चालीत पुढं निघाला.

“पुरे,” सिस्टर म्हणाली.

“आणखी म्हणू?” काकांनी विचारलं. विचारण्यात थट्टा नव्हती. खरंच विचारत होते.

सिस्टरनं फोन ठेवला. लाइन खराब असेल, मधले आवाज गाळले गेले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग पुढचा नंबर लावला, कारण पुढचे नंबर होतेच.

त्यानंतर काकू तिला स्वतःहून फोन करू लागल्या, तोही बाथरूमचा नळ सोडून.

“सिस्टर, तो माझ्यासमोर जेवायला बसतो. मी घास घेतला की घेतो. मी चावायची थांबले की थांबतो. आज मी मुद्दाम माझी जीभ चावली. त्यानंही चावली. मला रक्त आलं. त्याला नाही आलं.”

“काकू, आजारपणानं माणूस बावचळतो. तुमचं बघून करत असतील.”

“तुम्ही शिकवलंत तसं मनगट धरून बघितलं. नाडी लागत नाही.”

“हात बारीक झालाय त्यांचा. बोटं नीट ठेवली नसतील.”

“आणि मशीन लावलं की आकडा येतो. कुठून येतो? अहो, हजारो माणसं चढवली-उतरवली मी गाडीत. माझ्या थांब्याला माझा माणूस उतरला की दुसराच कुणी, एवढं मला कळायचं नाही?”

सिस्टरनं मुलाला फोन लावला. मुलगा खुशीत होता. “बाबांशी रोज व्हिडिओवर बोलतो. खरं सांगू का सिस्टर? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. आईच खचलीय.”

मग ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर टेबलावर डोकं टेकून पडले होते. तिचं बोलणं त्यांनी तसंच पडल्या पडल्या ऐकलं.

“एकशे वीस, ऐंशी? माझं स्वतःचं नाही तेवढं चांगलं,” ते म्हणाले. “सकाळपासून सहा घरी कळवलंय मी, तुमचा माणूस गेला म्हणून. आणि तुम्ही माणूस जिवंत असल्याची तक्रार घेऊन आलात, सिस्टर?”

काकूंसाठी त्यांनी एक झोपेची गोळी लिहून दिली.

दोन दिवस काकूंचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्यांचाच आला. आता मागे नळाचा आवाज नव्हता.

“मुलाच्या खोलीत आहे. कडी लावून. कालपासून.”

“जेवलात?”

“पाणी आहे.”

“काका कुठं आहेत?”

“दारापाशी. दार वाजवत नाही, हाक मारत नाही. खालच्या फटीतून पावलं दिसतात. कालपासून तशीच आहेत, सिस्टर. एकदाही भार बदललेला नाही.”

“प्रेशर मोजलंत?”

“मशीन घेऊनच आलेय आत.” काकूंनी सांगितलेला आकडा ऐकून सिस्टर उठून उभी राहिली. सव्वादोनशेच्या वर होता. तिला आणखी काही ऐकू येत होतं. काकूंचे शब्द एकमेकांत अडकत होते. ‘मशीन’चं ‘मफीन’ होत होतं.

“काकू, उजवा हात वर करा.”

“मुंग्या आल्यात त्याला.”

“गोळ्या कुठं आहेत?”

“स्वयंपाकघरात.”

सिस्टरनं दुसऱ्या हातानं मोबाइल काढून गाडीचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसानं विचारलं, श्वास अडकलाय का? नाही म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाला. संध्याकाळपर्यंत काय होतं, हे सिस्टरनं वॉर्डात असताना पुष्कळदा पाहिलं होतं. तोंड वाकडं होतं, वाचा जाते, आणि मग पुष्कळदा माणूसही जातो. काकू आणि त्यांच्या गोळ्या यांच्यामध्ये एक दार होतं, आणि दाराबाहेर त्यांचा नवरा होता. नवराच असणार. दुसरं कोण असणार?

“काकू, दार उघडा.”

सिस्टरनं आवाज चढवला.

“उघडा आणि सरळ जाऊन गोळी घ्या. ते तुमचे यजमान आहेत. मी आहे ना फोनवर. फोन ठेवू नका, हातातच राहू द्या.”

“तुम्ही सांगताय म्हणून उघडते हं,” काकू म्हणाल्या. “एरवी नसतं उघडलं.”

पाय घासत चालल्याचा आवाज आला. मग कडी सरकली.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या. न सांगता आलेला पाहुणा दारात दिसावा, तसं.

बस. किंचाळणं नाही, झटापट नाही.

सिस्टरनं तीनदा हाक मारली.

मग घर्रर्र आवाज सुरू झाला. प्रेशरच्या पट्ट्यात हवा भरत होती. भरली. हळूहळू उतरली. मशीननं टिक् केलं.

“एकशे वीस, ऐंशी,” काकूंनी सांगितलं.

शब्द स्वच्छ होते. जीभ अडखळत नव्हती.

“गोळी घेतलीत?”

“आता नाही लागायची.”

त्यानंतर त्या घरातून तक्रार म्हणून आली नाही. काकू पुन्हा ‘हे’ म्हणू लागल्या. हे बरे आहेत, ह्यांना भूक लागते. आवाज मात्र तसाच राहिला, हळू आणि सपाट. दोघांचे आकडे रोज सारखे. मुलगा म्हणाला, आई किती शांत झालीय, सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, गोळीशिवाय दोन माणसांचं प्रेशर ताब्यात आणलं म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर खाली बघत बसली. काकूंना एका दमात आकडे म्हणायला सांगावं, असं तिच्या रोज मनात यायचं, आणि रोज ती दुसरंच काहीतरी विचारायची.

घरी ती सिंकजवळ उभ्यानंच जेवायची. ‘तुम्ही सांगताय म्हणून’ हे शब्द आठवले की ताट तसंच सिंकमध्ये ठेवायची. हे बोलणार कुणाशी? मुलीनं त्या आठवड्यात फोन उचललाच नव्हता.

मग एका दुपारी, आकडे सांगून झाल्यावर, काकूंनी फोन ठेवला नाही.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुमचं प्रेशर कोण मोजतं?”

वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, बहिणीनं नाही. डोळे भरले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

पलीकडे घाई नव्हती. श्वासाचाही आवाज नव्हता. कुणीतरी ऐकत होतं, तिचं कधीच कुणी ऐकलं नव्हतं इतकं मन लावून.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

“मग आम्ही येतो की. हे पण म्हणतायत. कुठं राहता तुम्ही?”

सिस्टरनं पत्ता सांगितला. रस्ता सांगितला, मजला सांगितला. डोळे पुसले, आणि आठवण झाली तसं हेही सांगितलं, की बेल बिघडलीय, दारच वाजवावं लागेल.