डाव्या डोळ्यातला ठिपका

अत्तारीनच्या बाजारात वारा सुटला, समुद्राकडून सरी आल्या आणि मी हाज्ज सय्यदच्या मसाल्याच्या दुकानात शिरले. मला मेण हवं होतं, मधमाश्यांचं पिवळं. एकच ढेप उरली होती आणि तिच्यावर माझ्याआधी एक हात पडला होता. नखांत निळा रंग अडकलेला.

"ही माझी," मी म्हटलं.

"नाव लिहिलंय का वर?"

"हवं तर लिहिते. नखानं."

तो हसला... पाऊस केसांतून गालावर ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"खवागा, पोरीशी भांडू नकोस," हाज्ज म्हणाले. "अर्धी अर्धी देतो."

"चार पिढ्या इथे गेल्या, हाज्ज. अजून मी परकाच?"

"तुझ्या आजोबांनाही खवागाच म्हणायचो. तेही असेच घासाघीस करायचे."

अर्धी ढेप घेऊन मी कापसाच्या जुन्या गोदामात पोचले, तर तो तिथे आधीच हजर. लेफ्तेरी. 'दोन किनारे' नावाचं प्रदर्शन भरणार होतं. एक ग्रीक आणि एक मिसरी चित्रकार अशा जोड्या लावल्या होत्या; माझ्या वाट्याला हा आला. फय्यूमच्या वाळूत सापडलेले ते जुने चेहरे आहेत ना, ममीच्या तोंडावर बांधलेले, नावं ग्रीक आणि शवपेटी मिसरी असलेले, तशाच पद्धतीनं एकमेकांचं चित्र काढायचं होतं. मेण वितळवायचं, त्यात रंग कालवायचा आणि गार व्हायच्या आत फळीवर लावायचा. विचार करत बसलं की मेण गोठतं.

"इकडे बघ ना, शाहिंदा."

"बघतेच आहे."

"कानाकडे बघतेयस माझ्या."

"कान बरा आहे. बाकीच्याचं काही सांगता येत नाही, खवागा."

तो हिवाळा असाच गेला. खिडकीशी गरम, दुधाळ सहलबचे दोन पेले, त्याच्या बाहीला मेणाचा वास, आणि मी मान वर केली की घाईघाईनं खाली जाणारी त्याची नजर... आई मात्र चित्र बघून चिडली. "जिवंत माणसाचं असलं चित्र कुणी काढतं? असली फळी मेलेल्याच्या तोंडावर बांधायची."

मग एका दुपारी कुंचला खाली ठेवून तो म्हणाला, "बाबांना समुद्रापलीकडे पिरेउसला न्यावं लागेल. आत्याकडे."

त्याच्या वडिलांचं, मिखालींचं, चष्म्याचं दुकान कधीच विकलं गेलं होतं. तरी ते रोज सकाळी किल्ली घेऊन निघत आणि रस्ता चुकत. ओळखीचे सगळे आता शात्बीच्या दफनभूमीत होते.

"मी एकटा नाही सांभाळू शकत त्यांना. आणि माझ्याशिवाय ते जाणार नाहीत." तो थांबला. "पण तू राहा म्हणालीस, तर राहतो मी."

त्याच्याबरोबर जाणं तर नव्हतंच. आमच्या घरी त्याला चहा मिळायचा, मी मिळणार नव्हते.

"चित्र पुरं झाल्याशिवाय जायचं नाही," एवढंच म्हटलं.

चित्रात उरलं होतं ते फक्त डाव्या डोळ्यातलं तेज. एक पांढरा ठिपका. रोज मेण तापवायची... आणि रोज गोठू द्यायची.

प्रदर्शनाच्या सकाळीही ठिपका नव्हताच. पाहुण्यांनी आमच्या दोन हजार वर्षांच्या नात्यावर भाषणं केली, टाळ्या झाल्या. जुना सूट घातलेले मिखाली मुलाच्या चित्रापुढे उभे राहिले. पुढे वाकले, मागे सरले.

"या मुलाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," ते मला म्हणाले. "घरचं कुणी आहे का याच्याबरोबर?"

"बाबा, मी आहे तो," लेफ्तेरी म्हणाला.

त्यांनी त्याची बाही घट्ट धरली. चेहरा ओळखीचा वाटला नाही बहुतेक, बाही वाटली. "आपण घरी कधी जायचं?"

लेफ्तेरीनं माझ्याकडे पाहिलं. मी राहा म्हणण्याची तो वाट बघत होता... बाही न सोडवता.

मी मागच्या खोलीत जाऊन शेगडी पेटवली. वितळलेलं पांढरं मेण वाटीतून आणलं आणि ठिपका ठेवला.

"आता दिसतंय," मिखाली समाधानानं म्हणाले.

"शाहिंदा..." लेफ्तेरी म्हणाला. "एक शब्द तर म्हणायचास."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," मी म्हटलं. "जा."

त्यानं काढलेला माझा चेहरा त्याच्याबरोबर गेला. त्याचा माझ्याकडे राहिला.

पिरेउसहून त्याचा फोन येतो. आता क्वचितच.

"इथे सगळे मला मिसरी म्हणतात," तो परवा म्हणाला.

"आणि बाबा?"

"रोज सकाळी किल्ली घेऊन निघतात."

फोन कुणी आधी ठेवला, आठवत नाही.

उन्हाळ्यात मेण मऊ पडतं. मी चित्राजवळ जाते, तेव्हा तो ठिपका डोळ्यात चमकत असतो. नखानं सहज निघेल. पण आता तो काढला म्हणून कोण थांबणार आहे?