इंटरफेसमधला हुंकार

दुपारची भांडी घासून, ओटा पुसून मी शेवटचा अध्याय वाचायला बसले. सासूबाई दवाखान्यात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, आणि त्याआधी पोथी पुरी कानावर पडावी एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी एकवीस दिवसांचा नेम धरला होता. रोज एक अध्याय वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचा. एकदा सुरुवात केली की संपेपर्यंत तोंडून दुसरा शब्द काढायचा नाही, आणि दिवस मावळायच्या आत उरकायचं. वीस अध्याय निर्विघ्न झाले होते.

धाकटे भावजी कार्यक्रमांना माईक-स्पीकर पुरवतात. माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये लावायचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे पत्र्याचा एक छोटा डबा, त्यांनीच दिला होता. वीस दिवस तो गुणी लेकरासारखा वागला. आज मात्र कॉम्प्युटर म्हणे, असं कुणी इथे जोडलेलंच नाही.

मी फोन लावला. "भावजी, तुमचा डबा रुसलाय."

"वायर कशात खोचलीय, वहिनी?"

"त्या चार भोकांच्या यूएसबी पट्टीत. सगळं एका जागी बरं दिसतं."

"दिसण्याचं काय घेऊन बसलात! थेट कॉम्प्युटरला लावा."

लावली. हिरवा दिवा लागला. हेडफोन कानाला लावला तर आत घूंऽऽ… मडक्यात भुंगा कोंडल्यासारखं.

"लॅपटॉपच्या चार्जरची वायर माईकच्या वायरीपासून लांब आहे ना?"

लोंबत्या वायरी मला बघवत नाहीत. सकाळीच दोन्हींची छान वेणी घालून वर रिबीन बांधली होती.

सांगितल्यावर भावजी म्हणाले, "वेणी सोडा. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. तरीही घरघर राहिली तर डब्यावर हात ठेवा."

घरघर कमी झाली, पण गेली नाही. पत्र्यावर हात ठेवला आणि… चिडीचूप. हात काढला की पुन्हा घूंऽऽ. या सगळ्यात पाच वाजले. शेवटी डावा हात आशीर्वाद दिल्यासारखा डब्यावर ठेवून मी वाचायला लागले.

पहिली ओळ झाली.

"हं," हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

गोष्ट ऐकणारा देतो ना, तसा हुंकार. दुसरी ओळ. "हं." घरात मी एकटी. 'कोण आहे?' असं विचारायची सोय नाही, नेम मोडतो. किंचाळायचीही नाही. हात काढावा तर घरघर. मी भरभर वाचू लागले, तर तोही भरभर… "हं, हं, हं." हळू झाले, तोही हळू झाला. हाताखालचा पत्रा गार पडत चालला होता. ओल्या मातीचा वास येत होता.

शेवटच्या ओळीपाशी धीर सुटला. रेकॉर्डिंग बंद केलं आणि धावत गच्चीत गेले. दिवस मावळला होता. तेव्हा ध्यानात आलं, शेवटची ओळ राहिली. एकवीस दिवस पाण्यात! मला रडूच फुटलं.

तासाभराने भावजी आले. दोघांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज स्वच्छ, हुंकार एकही नाही. माझं वाचन थांबलं, क्षणभर शांतता, आणि मग एका पुरुषाच्या मऊ आवाजात… शेवटची ओळ. तिथेच रेकॉर्डिंग संपलं.

"वहिनी… कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

भावजींनी घाम पुसला. "आवाज काय सुरेख पकडलाय पण! इतक्या वर्षांत मला नाही जमला असा."

मी हात जोडले. कुणाच्या का मुखातून होईना, पोथी पुरी झाली होती. पाठवून दिलं.

थोड्या वेळाने सासूबाईंचा फोन आला. आवाज अगदी निवांत होता. "सूनबाई, मन शांत झालं बघ. आता उद्याची भीती नाही. शेवटी वाचलं ते कोण गं?"

"आहेत… ओळखीचे."

"भला माणूस वाटला. वाचून झाल्यावर विचारत होता, आता उद्यापासून काय करू म्हणून. मी म्हटलं, आमची सूनबाई एकटीच असते दुपारची, येत जा."