जामसर रस्त्यावरची शिसेभट्टी

नवेद मिस्त्रीचं डोकं शिशाच्या विटेनं फोडलं होतं. कवटी कानापर्यंत चिरली होती. संशय होता लक्ष्या मजुरावर, आणि चार जणांनी त्याला खांबाला बांधून असं बदडलं होतं की त्याचा एक डोळा सुजून पार मिटला होता.

फौजदार मंजुषा भोये जव्हारहून पोचल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. २००५ सालचा मे महिना.

"सोडा त्याला."

"मॅडम, खुनी आहे तो," मालक हरेश म्हणाला.

"ते मी ठरवीन."

भट्टी जुन्या बॅटऱ्यांचं शिसं गाळायची. फाटकावर हिरव्या अक्षरांत 'टाकाऊतून टिकाऊ' लिहिलं होतं, आणि वर काळा धूर. फर्नेस ऑइलचे भाव चढले तसा हरेश आधी कोळशावर उतरला, मग फाटक्या टायरांवर. डिझेल परवडेना म्हणून जनरेटरही विकला. वीज असली तर ब्लोअर भट्टीला वारा देई. वीज गेली की हातानं फिरवायचा पंखा. आजही लोडशेडिंगमुळे सकाळी सहापासून वीज नव्हती.

मंजुषा प्रेताजवळ बसल्या. जखमेभोवतीचे केस जळून आखडले होते. दोन्ही तळहातांवर ताजे, फुटलेले फोड होते. शेजारी रक्तानं माखलेली वीट. तिला हात लावला, तर नुसती कोमट.

"शिसं कधी ओतलंत?" त्यांनी हरेशला विचारलं.

"आठला. या बारा विटा."

"कोण कोण होतं?"

"मी एकटाच. नवेद पहाटेच घरी गेला होता. साडेनऊला परत आला, मागोमाग हा लक्ष्या. मी ऑफिसात होतो. ओरडणं ऐकून धावलो, तर याचे हात रक्तानं भरलेले."

"भांडण कशाचं?"

"काल नवेदनं याच्या थोबाडीत दिली. सगळ्यांनी पाहिलंय."

चौघांनी माना डोलावल्या. हे चौघे बॅटऱ्या फोडणारे. पावणेदहाला कामावर आले होते, ते थेट माणूस फोडायलाच लागले.

लक्ष्यानं तोंडातलं रक्त थुंकलं. "मीनी नाय मारला, बाय. जामसरवरून कोळसा घेऊन आलो, त हा पडलेला. जिता आहे वाटला, म्हणून उचलला."

"काल त्यानं तुला मारलं?"

"मारला तो खरा, पण..."

"ऐकलंत?" हरेश मध्येच म्हणाला.

"हात दाखव," मंजुषा लक्ष्याला म्हणाल्या. पंखा फिरवून फिरवून तळवे घट्टे पडून चामड्यासारखे झाले होते. भाजल्याची खूण नव्हती. मग त्यांनी हरेशचेही हात पाहिले. मऊ, अंगठ्या घातलेले.

"हरेशभाई, वीज सहापासून नाही. मग शिसं वितळलं कसं?"

"हाताच्या पंख्यावर."

"पंखा फिरवायला एक माणूस लागतो, ओतायला दुसरा. तुम्ही एकटे होतात ना? तुमच्या हाताला साधा चट्टा नाही. लक्ष्याच्या घट्ट्यांना आता फोड येत नाहीत. फोड आलेत नवेदला. म्हणजे पंखा त्यानं फिरवला. तो घरी गेलाच नव्हता."

हरेशनं ओठ चाटले. "असेल, विसरलो मी. पण साडेनऊला मारलं लक्ष्यानंच."

"साडेनऊला ही वीट चांगली निवली होती. तिनं केस जळत नाहीत. नवेदला मारलं तेव्हा ती नुकतीच साच्यातून निघाली होती, म्हणजे आठला. उघड्या हातानं उचलली असती तर लक्ष्याचे तळवे सोलून निघाले असते. इथं हातमोजे कोणाकडे आहेत?"

"शेठकडंच," चौघांतला एक खालमानेनं म्हणाला. "आम्हाला कोण देतंय?"

सोबत आलेल्या हवालदार हेमंत गावितांनी कोळशाच्या ढिगातून मोजे उपसून काढले. मनगटापाशी रक्त सुकलं होतं.

हरेशनं लोखंडी सळई उचलून हाणली. हवालदारांचा खांदा निखळला. दुसरा घाव उठायच्या आत मंजुषांची काठी हरेशच्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं.

"टायर घालू नका म्हणत होता," तो जमिनीवर विव्हळत राहिला. "ठाण्याला प्रदूषणवाल्यांकडे तक्रार करतो म्हणाला. तेलाचा भाव ठाऊक आहे तुम्हाला? भट्टी चालवायची कशावर?"

मंजुषांना त्याची किळस आली. त्यांनी मोडक्या हातालाच बेडी अडकवली.

मग लक्ष्याकडे वळल्या. "काल का मारलं त्यानं तुला?"

"धुरानं छातीतून रक्त पडत होता माझ्या, तरी पंख्यावर उभा राहलो. चिडला. म्हनला, उद्या पंख्याला हात लावू नको, मीच फिरवतो." लक्ष्या रडू लागला.

चौघांपैकी एकानं पाण्याचा तांब्या पुढे केला. लक्ष्यानं घेतला नाही.

"चल, आधी दवाखान्यात," मंजुषा म्हणाल्या.

"नाय, बाय. आधी तेच्या बायकोकडं नेवा मना, नूरबीकडं. मीनी मारला आसा आयकला आसंल तिनी."